मारतोही आणि मारही खातो : अशा मुलाचं काय करायचं?

नर्मदाकाठ

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यातल्या एका शाळेत मी मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि ज्या मुलांबद्दल लिहिते आहे त्यांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

शाळेत मारामारीची तक्रार आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरुवात कोणी केली? उत्तर मिळालं की एकाला शिक्षा, दुसऱ्याला सहानुभूती, आणि प्रकरण मिटलं. पण काही मुलांचं नाव दोन्ही बाजूंना येतं. या महिन्यात त्याने कोणाला तरी ढकललं म्हणून, गेल्या महिन्यात कोणी तरी त्याला स्वच्छतागृहात कोंडलं म्हणून. मोठी माणसं अशा मुलाला कंटाळतात. 'तो पण काही कमी नाही' हे वाक्य मी त्याच्याबद्दल शिक्षकांकडून ऐकते, पालकांकडून ऐकते, कधीकधी त्याच्या स्वतःच्या नातेवाइकांकडूनही.

एक उदाहरण देते. पाचवीतला मुलगा, अंगाने जरा भरलेला. सकाळी वर्धीच्या, म्हणजे मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या ठरलेल्या रिक्षात त्याला मागच्या फळीवर बसवतात आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्या मांडीवर ठेवतात. एक बाटली पडली की टपली. 'जाडियो' (जाड्या) ही हाक तर रस्ताभर. वर्धीवाले काका समोर बघून रिक्षा चालवत असतात, त्यांना आरडाओरडा ऐकू येतो पण त्यात नवीन काही वाटत नाही. शाळेच्या फाटकात उतरतो तेव्हा त्याचे कान लाल झालेले असतात. प्रार्थनेला जाताना तिसरीतला एक मुलगा त्याच्या पायात येतो. हा त्याला भिंतीवर ढकलतो, त्याचा डबा उघडून थेपले जमिनीवर टाकतो. तक्रार होते ती थेपल्यांची. रिक्षातलं काहीच कोणाच्या वहीत लिहिलं जात नाही.

या मुलांवर स्वतंत्र अभ्यास बराच झाला आहे, म्हणून हा धागा काढतेय. नॉर्वेत काम केलेले डॅन ओल्वेयस यांनी १९७८ सालीच सांगितलं होतं की त्रास सोसणारी सगळी मुलं गप्प, घाबरट नसतात. त्यातली काही तापट असतात, उलटून जातात, इतरांच्या डोक्यात जातात, आणि तरी मार त्यांनाच बसतो. पुढे २००१ साली अमेरिकेतल्या सहावी ते दहावीच्या १५,६८६ मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात १३ टक्के मुलं इतरांना त्रास देणारी, १०.६ टक्के सोसणारी आणि ६.३ टक्के दोन्ही करणारी निघाली. म्हणजे तिथल्या हिशेबाने पन्नासच्या वर्गात तिघं.

लॉस एंजेलिसमध्ये सहावीतल्या जवळपास दोन हजार मुलांचा अभ्यास २००३ साली आला. त्यातली एक गोष्ट शिक्षकांना पटायला जड जाते. जी मुलं नुसती दादागिरी करतात ती आतून दुःखी असतातच असं नाही. वर्गात त्यांचा दबदबा असतो, उदासपणा आणि एकटेपणा त्यांच्यात कमीच आढळला. जी नुसती सोसतात ती उदास, भेदरलेली, एकटी. आणि जी दोन्ही करतात ती सगळ्यात वाईट अवस्थेत : वर्गातली मुलं त्यांना टाळतात, अभ्यासात अडचणी, वागण्याच्या तक्रारी आणि मनाचा त्रासही. दादागिरी करणाऱ्याच्या मागे निदान टोळकं असतं. सोसणाऱ्याच्या मागे कोणी ना कोणी मोठं माणूस उभं राहतं. या मुलाच्या मागे मात्र कोणीच नसतं.

असं का होतं? एक कारण रागाच्या जातीत आहे. टोळक्याचा म्होरक्या थंड डोक्याने मारतो, त्यातून त्याला काही मिळवायचं असतं : जागा, वस्तू, रुबाब. आपला मुलगा मारतो तेव्हा त्याचा तोल गेलेला असतो. तो रडतो, ओरडतो, दप्तर फेकतो. चिडवणाऱ्यांना हवा असतो तो तमाशा हाच. 'चिडका बिब्बा' म्हणायला मजा येते, कारण समोरचा खरंच चिडतो. मग उद्या पुन्हा.

दुसरं कारण समजुतीचं. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास मुलांना छोटे प्रसंग सांगून 'असं का झालं असेल' हे विचारायला सुरुवात केली. मीही विचारते. 'तू मैदानावर उभा आहेस, पाठीत चेंडू येऊन बसला. काय झालं असेल?' बहुतेक मुलं म्हणतात, चुकून लागला असेल, किंवा क्षणभर थांबून विचारतात, कोणी टाकला? ही मुलं थांबतच नाहीत. 'मुद्दाम मारला.' तोंडावरचा भावही बदललेला असतो, जणू चेंडू आत्ता लागला.

आता इथे मला जे मनापासून सांगायचं आहे ते. या मुलाचा संशय सरसकट खोटा नसतो. त्याला खरंच रोज कोणी तरी मुद्दाम मारत असतं. अशा मुलाला खोलीत बसवून 'सगळेच काही वाईट नसतात, तू राग आवर' हे शिकवायला गेलं तर तो मान डोलावतो आणि दुपारी सुटताना त्याच फळीवर जाऊन बसतो. आधी त्याच्यावरचा त्रास खरोखर थांबवावा लागतो, मोठ्यांनी उठून, तारीख-वार लिहून, जागा बदलून. त्यानंतर राग ओळखणं, थांबणं, विचारणं हे शिकवता येतं. क्रम उलटा झाला की मुलाचा आपल्यावरचाही विश्वास जातो.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.

पाटीपेन्सिल

नर्मदाकाठ ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलं, आता निवृत्त आहे. शिक्षकाच्या बाजूने एक सांगते. आपल्याला नेहमी दुसरा फटका दिसतो. पहिला बसतो तेव्हा आपण फळ्यावर तारीख लिहीत असतो. हातातला खडू ठेवून मागे वळेपर्यंत ज्याला पहिला बसला तो उठून उभा असतो, ओरडत असतो, आणि ज्याने मारला तो वहीत मान घालून बसलेला असतो. चतुर मुलांना ही वेळ बरोबर साधते. साठ मुलांच्या वर्गात रोज प्रत्येक भांडणाची मुळं शोधणं शक्य नाही हेही खरं, म्हणून मी शिक्षकांना दोष देणार नाही. पण ज्याचं नाव वारंवार येतं त्याच्या आजूबाजूला कोण बसतं, एवढं तरी पाहायलाच हवं.

मांजलपूरची_आई

मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे आणि स्पष्टच लिहिणार आहे. माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गात असाच एक मुलगा आहे. त्याने तिच्या हाताला चावा घेतला, दात उमटले होते. तिचा दोष इतकाच की रांगेत ती त्याच्या पुढे होती. शाळेत गेले तर उत्तर काय, 'त्याला पण मुलं फार त्रास देतात हो.' मग? त्याला त्रास होतो म्हणून माझ्या मुलीने चावून घ्यायचं? सगळी माया त्याच्याच वाट्याला, आणि माझी मुलगी सकाळी पोट दुखतं म्हणून रडते, त्याचं काय? राग आला असेल तर माफ करा, पण हा धागा वाचून मला बरं वाटलं नाही.

जुनी_पेठ

दोन दणके दिले की ही पोरं सरळ होतात. आम्ही मास्तरांचा मार खाल्ला, वडिलांचा खाल्ला, काही बिघडलं नाही. आता प्रत्येक गोष्टीला समुपदेशन.

नर्मदाकाठ

मांजलपूरची_आई, तुम्ही माफी मागायचं काहीच कारण नाही. शाळेने तुम्हाला जे उत्तर दिलं ते अपुरं आहे. तो मुलगा असा का वागतो हे शाळेने शोधायचं, पण तुमच्या मुलीला सुरक्षित ठेवणं हे त्या शोधावर अवलंबून नाही. ते त्याच दिवशी व्हायला हवं : रांगेतली जागा, बाकाची जागा, मधल्या सुट्टीत एक ठरलेलं मोठं माणूस. आणि जागा बदलायची तर त्याची बदलायची, तुमच्या मुलीची नाही. नाहीतर तिला वाटतं की शिक्षा तिलाच झाली.

आणखी एक. दोघांना समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळव' हा प्रकार होत असेल तर नाही म्हणा. बरोबरीचं भांडण असेल तर समेट ठीक आहे. पण जिथे एकजण घाबरलेला आहे तिथे ती घाबरलेल्या मुलाची परीक्षा होते. आणि चावणाऱ्या मुलालाही त्यातून काही कळत नाही, तो सॉरी म्हणून मोकळा होतो.

तिचं सकाळचं पोट दुखणं मात्र हलक्यात घेऊ नका. 'आज काय झालं?' असं विचारलंत तर 'काही नाही' येईल. 'मधल्या सुट्टीत कुठे बसलीस, शेजारी कोण होतं?' असं विचारा.

जुनी_पेठ, मार खाऊनही तुमचं चांगलं झालं याचा आनंद आहे. सगळ्यांचं तसं होत नाही. अमेरिकेत १९८ मुलग्यांचा पाठपुरावा झाला, तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. मुलं पाच वर्षांची असताना त्यांच्या आयांशी बोलून घरची परिस्थिती नोंदवली होती. चार-पाच वर्षांनी शाळेत जी मुलं मारकुटी आणि मार खाणारी अशी दोन्ही निघाली, त्यांच्या घरी कडक शिक्षा, तुटक वागणूक आणि प्रत्यक्ष मारहाण इतरांपेक्षा जास्त होती. जी मुलं नुसती मारकुटी निघाली त्यांच्या घरी भांडणं दिसली होती, पण मार त्यांना स्वतःला फारसा बसलेला नव्हता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला मोठ्या माणसाने मारलेलं असतं तो हात उचललेला दिसला की आधी स्वतःला वाचवतो, मग बघतो कोणाचा हात होता. तिथे आणखी दोन दणके देऊन आपण काय शिकवणार? आणि शाळेपुरतं बोलायचं तर हा मताचा प्रश्न उरलेलाच नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

सेवउसळ

वाचतेय. मांजलपूरच्या आईला +१, आणि नर्मदाकाठ यांच्या उत्तरालाही +१.

आजवा_रोड

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि वर ज्या मुलाचं वर्णन आहे तो जवळजवळ माझाच आहे असं वाटलं.

उत्तरायणचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसाचा प्रसंग सांगतो. सोसायटीच्या गच्चीवर सगळी घरं जमली होती. याचा पतंग कापला गेला. समोरच्या गच्चीवरून 'काप्यो छे' (कापला रे) झालं, ते सगळ्यांचंच होतं, त्याबद्दल काही नाही. पण आमच्याच गच्चीवरच्या तीन-चार मुलांनी 'लपेट, लपेट' करत त्याच्याभोवती फेर धरला. तो उरलेला मांजा गुंडाळत होता, हात थरथरत होते, गुंता वाढत होता, आणि ती मुलं थांबेनात. मी टाकीपलीकडे होतो, तिथून निघेपर्यंत त्याने फिरकी जमिनीवर आपटली आणि शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या हातातला दोर हिसकला. त्या लहानग्याच्या बोटात मांजा घुसला, रक्त आलं. तो बिचारा काही बोललासुद्धा नव्हता, नुसता बघत होता. जे चिडवत होते ते केव्हाच जिन्याकडे पळाले. त्यानंतर गच्चीवर जे कोणी आलं त्याला दिसलं ते एवढंच : एका बाजूला रक्त आलेलं लहान मूल, दुसऱ्या बाजूला माझा मुलगा.

संध्याकाळी मी विचारलं, तू त्यालाच का मारलंस? म्हणाला, 'तो जवळ होता.' पुढे काही नाही.

आता प्रश्न असा की आमच्या घरात कोणी हात उचलत नाही. मी नाही, बायको नाही, आई-बाबा नाहीत. वरचा तो घरच्या मारहाणीचा अभ्यास वाचून पोटात गोळा आला. शाळाही आमच्याकडे त्याच नजरेने बघते. तरी हा असा का? आणि जो तो सांगतो, कराटेला घाला. घालू का?

आरोग्यसखी

आजवा_रोड, मी मुलांची डॉक्टर आहे. आधी तो गोळा जाऊ दे. घरची मारहाण हे एक कारण आहे, एकमेव नाही. ज्या मुलांच्या घरी सगळं ठीक आहे तीही या चक्रात सापडतात. लक्ष टिकत नाही, हालचाल फार, हात विचारांच्या आधी पुढे जातो, म्हणजे ज्याला आपण एडीएचडी म्हणतो, त्या मुलांचं प्रमाण या गटात जास्त आढळतं. त्यांचा खोडसाळपणा नसतो, पण वर्गाला तो तसाच दिसतो.

माझ्याकडे असं मूल आलं की मी आधी साध्या गोष्टी बघते. दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं का? कान वारंवार वाहत असेल तर मूल मागून मारलेली हाक अर्धवट ऐकतं, हसू पूर्ण ऐकतं, आणि मधलं स्वतः भरून काढतं. रात्री घोरतं का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर झोप होत नाही आणि झोप न झालेलं मूल दिवसभर चिडलेलं असतं. मोठ्याने वाचायला लावलं की अडखळतं का? वाचनाची अडचण असलेल्या मुलाची रोज वर्गासमोर फजिती होते आणि तो राग मधल्या सुट्टीत बाहेर येतो. यातलं काही सापडलं तर अर्धी वाट सोपी होते. नाही सापडलं तरी शाळेच्या नजरेत फरक पडतो, कारण तुम्ही काहीतरी शोधताय हे त्यांना दिसतं.

हे सगळं गंभीरपणे का घ्यायचं तेही सांगते. अमेरिकेत १,४२० मुलांना नऊ ते सोळा या वयात वारंवार भेटून, मग तरुणपणी पुन्हा तपासून एक अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी दोन्ही भूमिकांत असलेल्या मुलांना मोठेपणी नैराश्याचा आणि अचानक घाबरं होण्याच्या झटक्यांचा धोका सगळ्यात जास्त दिसला. मुलग्यांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही जास्त. घरची गरिबी, घरातली भांडणं, आधीचे मनाचे आजार हे हिशेबात घेऊनही तो धोका उरला. धोका जास्त म्हणजे तसं होणारच असं नाही, बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. पण 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून वाट बघत बसू नका.

'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही तो बोलला, वस्तू वाटून टाकायला लागला, स्वतःला इजा केली, तर थांबू नका. त्याला सरळ विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. मदतीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि आपल्याकडे वडोदऱ्यात सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

नर्मदाकाठ

आरोग्यसखी, आभार. कानांचं तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या यादीत वर घेते.

आजवा_रोड, कराटेबद्दल. त्याला आवडत असेल आणि शिकवणारा चांगला असेल तर जरूर घाला, शरीर ताब्यात येण्याचा फायदा होतो. पण 'परत मारता यावं' म्हणून घालत असाल तर नको. मारण्यात तो आधीच कमी पडत नाहीये. त्याला जमत नाही ते चिडवणं सुरू झाल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट. ते घरी शिकवता येतं, शांत वेळी. गच्चीवरचाच प्रसंग घ्या. त्याला सांगा, पुन्हा तसं झालं तर फिरकी खाली ठेवायची, 'बाबा' म्हणून मोठ्याने हाक मारायची आणि टाकीकडे चालायला लागायचं. एवढंच. प्रत्यक्ष करून बघा, तुम्ही चिडवणारे व्हा, आजोबांना होऊ दे, मग त्याला चिडवणारा होऊ दे. डोक्यात रक्त चढलं की उपदेश आठवत नाही, सवय असेल तर पाय चालतात.

आणि तो जे म्हणाला, 'तो जवळ होता', ते खरं बोलला. जे चिडवत होते ते त्याच्यापेक्षा मोठे आणि चार. त्यांच्यावर हात टाकण्याची हिंमत नव्हती. त्या लहान मुलाकडे त्याने जाऊन काहीतरी करायला हवं, पण सगळ्यांसमोर नाही आणि नुसतं सॉरी नाही. नवीन फिरकी घेऊन जाणं, त्याचा पतंग चढवून देणं, असं काही. आणि तुम्ही त्या चार मुलांच्या घरीही जा. ते राहून जातं.

विश्वामित्री_८३

मी तो मुलगा होतो. नव्वदच्या दशकात, इथेच, रावपुऱ्याजवळच्या शाळेत. मला तोतरेपणा होता. पट उघडला आणि सरांनी नाव पुकारलं की 'हा-हा-हाजर' असं चार जण आधीच म्हणायचे. मी कंपासपेटी फेकून मारायचो. ज्याला लागायची तो बहुतेक वेळा त्या चौघांपैकी नसायचा.

दांडियाबाजारातल्या एका व्यायामशाळेत मला मल्लखांबाला घातलं. सगळे म्हणतात खेळाने मुलगा सुधारला, पण माझा अनुभव वेगळा आहे. तिथेही पहिले काही महिने मी भांडलोच. फरक पडला तो एका मुलामुळे. तो माझ्याच वर्गातला निघाला. फार बोलका नव्हता. खांबाला एरंडेल लावायची पाळी आमच्या दोघांची असायची, ते करता करता बोलणं सुरू झालं. त्याच्यासमोर मी कमी तोतरा बोलायचो. मग तो वर्गात माझ्या बाकावर येऊन बसला. त्याने कधी कोणाला मारलं नाही, माझी बाजू घेऊन भांडला नाही. पण दोघं बसलेले असले की चौघांना पूर्वीची मजा येईना. वर्षभरात ते दुसऱ्या कोणाकडे वळले. ज्याच्याकडे वळले त्याच्यासाठी आम्ही दोघांनीही काही केलं नाही, हे आज आठवतं.

आता चाळिशीत आहे, नोकरी बरी चालली आहे. पण मीटिंगमध्ये माझ्या मागच्या खुर्च्यांवर कोणी हसलं तर अजून हात गार पडतात. सोबतचे दुसऱ्याच विनोदावर हसताहेत हे कळायला मला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. उपचार घेतले, त्याचा उपयोग झाला, आणि ते आधीच मिळाले असते तर फार बरं झालं असतं. म्हणून आजवा_रोड यांना सांगतो, जे करताय ते करत राहा.

नर्मदाकाठ

विश्वामित्री_८३, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचा अनुभव अभ्यासांतही दिसतो. १९९९ साली एका अभ्यासात दाखवलं गेलं की मुलाला एक जरी जिवाभावाचा मित्र असेल तर त्रासातून पुढे होणारी पडझड बरीच थांबते. एक पुरतो. म्हणून मी शिक्षकांना सांगते की अशा मुलाला कामं द्या, पण एकट्याला नाही, कोणातरी शांत मुलाबरोबर जोडीने : कुंडीला पाणी, नकाशे आणणं, वह्या वाटणं. आणि शाळा एक गोष्ट हमखास करतात ती करू नये : वर्गावर्गांतली सगळी तापट मुलं एकत्र करून त्यांचा वेगळा गट बनवणं. अशा गटात मुलं एकमेकांकडून नको ते उचलतात, यावर १९९९ सालीच चांगलं संशोधन आलेलं आहे.

त्या चौघांबद्दलही बोलायला हवं, आणि त्यांच्याभोवती हसणाऱ्यांबद्दल. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली वर्गातल्या भूमिका मांडल्या : म्होरक्या, त्याला साथ देणारे, हसून हवा देणारे, बाजूला राहणारे, मदतीला जाणारे. त्यांच्याच कामावर बेतलेला, शाळांमधली दादागिरी थांबवण्यासाठीचा किवा नावाचा कार्यक्रम फिनलंडने २००९पासून देशभर राबवला. त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. हसणारे थांबले की म्होरक्याचं दुकान बसतं.

वर ज्या पाचवीतल्या मुलाबद्दल लिहिलं त्याच्या बाबतीत आम्ही सुरुवात वर्धीपासून केली. काकांशी फाटकात उभं राहून बोलले. ते तक्रार ऐकायच्या तयारीने आले होते, मी मदत मागितली. फळीवर रोज वेगळं मूल बसणार, बाटल्या ज्याच्या त्याच्या हातात, आणि एक सातवीतली मुलगी रोज त्याच्या शेजारी. ती मुलगी स्वतःहून तयार झाली. हे नीट बसल्यावर मगच मी त्याच्याशी त्या तिसरीतल्या मुलाबद्दल बोलले. तोपर्यंत बोलले असते तर ऐकून घेतलं नसतं.

मांजलपूरची_आई

पुन्हा आले. आजवा_रोड यांचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होते. माझं मत बदललं नाही, माझ्या मुलीला चावलेलं मी विसरणार नाही. पण त्या मुलाच्या आईला मी पालकांच्या ग्रुपवर जे लिहायला निघाले होते ते पाठवलं नाही. आता शाळेत काय मागू ते सांगा. नुसतं 'बघतो' ऐकून परत यायचं नाहीये.

नर्मदाकाठ

ग्रुपवर लिहिलं नाहीत ते उत्तम. तिथे एकदा नाव आलं की त्या मुलाची ती ओळख वर्ष बदललं तरी पुसली जात नाही, आणि तुमच्या मुलीवरही 'तिच्यामुळे झालं' येतं.

शाळेत लेखी द्या. काय झालं, कोणत्या तारखेला, कुठे, कोण मोठं माणूस जवळ होतं. मुलाला विशेषणं लावू नका, घटना लिहा. मग विचारा : उद्यापासून रांगेत आणि मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवणार, त्याचं नाव सांगा. पुन्हा काही झालं तर मला त्याच दिवशी कोण कळवणार? आणि दोन आठवड्यांनी आपण पुन्हा कधी भेटायचं, ती तारीख आत्ता ठरवा. शाळा सीबीएसईची असेल तर मंडळाने २०१५ सालीच शाळांना अशा प्रकारांसाठी समिती नेमायला सांगितलं आहे, त्या समितीत कोण आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शेवटी एक विनंती म्हणून विचारता आलं तर विचारा : त्या मुलाला जी मुलं त्रास देतात त्यांचं काय केलंत? तुमच्या मुलीसाठीच विचारा. ते थांबलं नाही तर तो उद्या रांगेत दुसऱ्या कोणाच्या तरी मागे उभा असेल.

मुलीला सांगायचं ते थोडक्यात : 'तुझी काही चूक नव्हती. त्याने केलं ते चुकीचं होतं. मोठी माणसं ते थांबवणार आहेत.' तिने त्याच्याशी मैत्री करावी, समजून घ्यावं, असं काही तिच्यावर टाकू नका. ते तिचं काम नाही.

आजवा_रोड

कानाच्या तपासणीची वेळ घेतली, शनिवारची. आणि काल त्या चारपैकी दोघांच्या घरी जाऊन आलो. एका घरी दार अर्धं उघडून बोलले. दुसऱ्या घरी त्या मुलाच्या आजोबांनी आत बसवलं, मुलाला बोलावलं आणि माझ्यासमोर फक्त एवढंच विचारलं, 'कोण कोण होतं?' त्याने चारही नावं सांगितली. उरलेल्या दोन घरी रविवारी जातोय, ते आजोबा बरोबर येतो म्हणालेत.